दणकीचा उसना राग

गल्लीत तिला सगळे ठिणगी म्हणत, आणि तेही पाठीमागे नव्हे, तोंडावर. नाव ठेवलं तिच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने. ती तेव्हा जेमतेम बोलायला लागली होती. तिच्या हातातला पेला कुणीतरी तिला न सांगता काढून घेतला, म्हणून तिने असा काही टाहो फोडला की कुठेतरी आग लागली समजून शेजारपाजारचे बादल्या घेऊन धावले. बादल्यांचा भाग मागून कुणीतरी घुसडला असेल. पण टाहोबद्दल शंका घ्यायचं कारण नाही, कारण तो पुढे सगळ्या गल्लीने जन्मभर ऐकला.

तिच्या रागाला एक शिस्त होती. पाणी गेलं, पाय मुरगळला, दूध नासलं, यावर ती कधी चिडली नाही. हे काय कुणी मुद्दाम करतं, असं म्हणायची. पण कुणी रांगेत मधेच घुसलं, कुणी दुसऱ्याच्या दारासमोर आपला पसारा मांडला, कुणी न विचारता कुणाच्या वस्तूला हात लावला, की तळपायाची आग मस्तकात. मग वस्तू तिची असो वा नसो. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांची शिडी नाहीशी झाली तेव्हा मास्तर स्वतः "जाऊ द्या हो" म्हणत होते आणि ठिणगी त्यांच्या वतीने दारोदार फिरून लोकांची झाडाझडती घेत होती. शिडी सापडली मास्तरांच्याच जावयाकडे. मास्तरांनीच नेऊन दिली होती आणि विसरले होते. तेव्हापासून मास्तर तिला जिन्यात बघितलं की चपलेचा बंद शोधत खाली वाकतात.

आणि गंमत म्हणजे ही बाई पोटापाण्यासाठी गोडव्याची नोकरी करायची. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणारा मधाळ आवाज होता ना, तो हिचा. "प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत" हे ती अशा लयीत म्हणायची की गाडी चुकलेल्या माणसाला गाडी चुकली तेच बरं झालं असं वाटावं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांची माफी मागायची आणि संध्याकाळी घरी आली की साठवलेला सगळा माल गल्लीत उतरवायचा. पुढे स्थानकावर घोषणा करणारं यंत्र आलं आणि हिला घरी बसवलं. तेही न विचारताच.

लग्न केलं नाही. का केलं नाही याची गल्लीत तीन कारणं सांगितली जातात, त्यातली दोन मीठमसाला लावून. खरं कारण साधं आहे. ज्या दोघातिघांनी विचारलं, त्यांनी तिच्या वडिलांना विचारलं. तिला कुणी विचारलं नाही.

वडील गेले, दादा संसार थाटून निघून गेला, आणि तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ठिणगी आणि आई उरल्या. आईला कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नसे. कानात घालायचं यंत्र होतं, पण ते घातलं की जग किरकिरतं अशी तिची तक्रार. म्हणून ते सदानकदा एका डबीत झोपलेलं. तिचं जग होतं खिडकी. रस्त्याकडेच्या खिडकीला लागून तिची वेताची खुर्ची होती आणि तिथे बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याला चालीवरून ओळखायची. शिंप्याचा गुडघा कधी धरला, टपालवाल्याने नवे बूट कधी घेतले, कोपऱ्यावरच्या नर्सबाईंचं नवऱ्याशी कधी वाजलं, सगळं तिला पावलांवरून कळे. गल्लीही जाता येता हात वर करी. कान गेले तेव्हा म्हातारी खचली नव्हती. पण ही खिडकी गेली असती तर खचली असती, हे ठिणगीला पक्कं ठाऊक होतं.

एका सकाळी त्या खिडकीसमोर एक गाडी येऊन उभी राहिली. उंच, काळी, खिडकी पार झाकून टाकणारी. गाडीवाला तरुण पोरगा, डोक्यावर केसांचा अंबाडा बांधलेला. तो दार लावून निघाला तोच ठिणगी बाहेर आली. तिने त्याच्या आईवडिलांपासून त्याला गाडी चालवायचा परवाना देणाऱ्या साहेबापर्यंत सगळ्यांचा समाचार घेतला. पोरगा ऐकत राहिला. मान खाली नाही, उलट उत्तर नाही. डोळे मिटून, गाणं ऐकावं तसा. तिचा दम संपला तेव्हा त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "आत्या, हे तुम्ही माझ्यासाठी मायक्रोफोनसमोर कराल?"

तो टीव्हीसाठी कार्टून बनवणारा निघाला. तेव्हापासून तो तिला आत्या म्हणायचा आणि ती त्याला अंबाड्या. गाडी मात्र त्याने तेव्हा हलवली नाही, हे ती अजून विसरलेली नाही.

त्याच्या मालिकेचं नाव होतं 'पोलादी बिऱ्हाड'. परग्रहावरून राक्षस येणार म्हणून एका शहराने चार प्रचंड यंत्रमानव बांधले, एकेक वीस मजली. राक्षस काही आले नाहीत. आता एवढ्या मोठ्या धुडांचं करायचं काय? म्हणून ती गावाबाहेर भाड्याने राहतात आणि दिवसभर एकमेकांशी भांडतात. माझ्या डोंगरावर तू पाय का ठेवलास, तुझ्या घोरण्याने माझे नटबोल्ट सैल झाले, असलं. त्यातली दणकी म्हणजे ठिणगी. चौकोनी, उभी, दोन दारांच्या लोखंडी कपाटासारखी. बोलली की खालच्या गावातल्या मोटारींचे भोंगे आपोआप वाजायचे.

त्या मालिकेची काम करायची एक रीत होती. आधी आवाज घ्यायचा आणि मग त्या आवाजावर चित्रं काढायची. काचेच्या खोलीत ठिणगी बोलायची तेव्हा समोर एक छोटा कॅमेरा तिच्यावर रोखलेला असे, म्हणजे चित्रकारांना तिचं तोंड कसं हलतं, हात कसे उडतात ते बघून दणकी तशीच काढता यावी. त्यामुळे दणकीसुद्धा चष्मा वर सारताना मनगटाची मागची बाजू वापरायची. वीस मजली यंत्राला चष्मा कशाला, हे कुणी विचारलं नाही.

आणि आणखी एक सवय त्या कॅमेऱ्याने टिपली. ठिणगीचा राग एका हद्दीपलीकडे गेला की तिचं तोंड बंद व्हायचं आणि हात सुरू व्हायचे. हाताला लागेल ते ती घडी घालायला घ्यायची. रुमाल, वर्तमानपत्र, पिशवी. निम्मं, मग त्याच्या निम्मं, मग त्याच्या निम्मं, बोटं पांढरी पडेपर्यंत. लोकांना वाटे, बाई नीटनेटकी आहे. त्या घड्यांचा खरा अर्थ एका आईलाच माहीत होता.

आता मुख्य गोष्ट. एका सकाळी ठिणगी कामाला निघायच्या बेतात असताना दादाचा फोन आला. दादाने अकराव्या मजल्यावर नवं घर घेतलं होतं आणि ठरवलं होतं की आई आता कायमची तिकडे राहील. कारण काय, तर चार लोक नावं ठेवतात. मुलाचं एवढं मोठं घर आणि आई तळमजल्यावर, कार्टुनात ओरडणाऱ्या बहिणीकडे. खोली रंगवायला घेतलीय, तीन महिन्यांनी, दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी टेम्पो घेऊन येतो, खुर्ची आणि पलंग बांधून ठेव. ठिणगीने विचारलं, अकराव्या मजल्यावर खिडकीतून दिसतं काय? दादा अभिमानाने म्हणाला, आकाश. तिने विचारलं, आईला विचारलंस? तो म्हणाला, तिला काय विचारायचं, तिला ऐकू कुठे येतं. आणि फोन ठेवला.

तशीच ती काचेच्या खोलीत गेली. त्या दिवशीचा प्रसंग असा होता की दणकी झोपलेली असताना बाकीचे तिघे तिला उचलून टेकडीच्या पलीकडे ठेवतात, कारण तिच्या सावलीमुळे गावातले कपडे वाळत नाहीत. जागी झाल्यावर दणकीने म्हणायचं होतं, "मला हलवल्याबद्दल मी फार नाराज आहे." ठिणगीने म्हटलं. अंबाड्याने काचेपलीकडून सांगितलं, आत्या, बसस्थानक वाटतंय, जरा चिडून. तिने पुन्हा म्हटलं. आणखी चिडून, तो म्हणाला. आणि मग तिच्यासमोर कागदही राहिला नाही आणि काचही. समोर दादा उभा राहिला, आणि ती आईच्या वतीने बोलायला लागली.

"विचारलंस? एकदा तरी विचारलंस? मी काय कपाट आहे, इथून उचललं, तिथं ठेवलं? माझा जीव कुठे रमतो ते तुला माहीत आहे? तुला माझ्या चपलेचं माप तरी माहीत आहे?"

मग शब्द संपले. तिने समोरचा कागद उचलला आणि घडी घालायला लागली.

काचेपलीकडे सगळे टाळ्या वाजवत होते. अंबाड्या तर खुर्चीवरून उठून नाचत होता. ती तिथूनच म्हणाली की हे वापरायचं नाही. हे दणकीचं नाही, हे माझ्या घरचं आहे. तो म्हणाला, आत्या, सोनं आहे हे. ती म्हणाली, "मी खरंच बोलतेय, यात हसण्यासारखं काही नाही." तो म्हणाला, हेही कसलं भारी आहे. कॅमेरा आणि मायक्रोफोन दोन्ही चालूच होते. हेही पुढच्या भागात गेलं.

दिवाळीच्या आधी दोन्ही भाग लागोपाठ दाखवले गेले आणि अख्ख्या मुलुखाला वेड लागलं. अंथरुणातून उठवलं की पोरं म्हणायला लागली, मी काय कपाट आहे? बदली झालेले कारकून म्हणायला लागले. दवाखान्यात एका पलंगावरून दुसऱ्या पलंगावर नेताना एक आजोबा म्हणाले आणि टाके उसवेपर्यंत हसले. दणकी कागदाऐवजी एका दुमजली बसची घडी घालते, निम्मी, मग त्याच्या निम्मी, आणि मागे बेसूर तुतारी वाजते, ते दृश्य तर लोक पुन्हा पुन्हा लावून बघत.

वाटोळं झालं ते ठिणगीचं. औषधाच्या दुकानात तिला डावलून एका माणसाने आपली चिठ्ठी पुढे सरकवली. तिने तोंड उघडलं मात्र, दुकानदार, चिठ्ठीवाला, मागची रांग, सगळ्यांचे चेहरे खुलले. कुणीतरी म्हणालं, अरे ही तर दणकी. मग कुणी म्हणालं, बाई, ते कपाटाचं म्हणा ना. ती म्हणाली, मी खरंच बोलतेय. त्यावर तर दुकानदाराला ठसका लागला. औषध सगळ्यांत शेवटी मिळालं, आणि वर दुकानदाराने तिच्याबरोबर फोटो काढून घेतला.

जन्मभर या बाईचं एकच हत्यार होतं, तिचा राग. त्याने तिला कुणाचं प्रेम मिळवून दिलं नव्हतं, पण लोक वाटेतून बाजूला होत. आता तिच्या रागाची धार गेली नव्हती, तो आतून तस्साच तापत होता, पण बाहेर पडला की त्याची सर्कस होई. ती जितकी चिडे तितके लोक खूश होत. आणि हसणाऱ्यांवर चिडावं तर त्याचाही भाग झालेला होता. ती अंबाड्याकडे गेली, म्हणाली की माझे शब्द मला परत दे. अंबाड्या गोंधळून म्हणाला, पण आत्या, ते तर आता सगळ्यांचे झाले. हे ऐकून तिने त्याच्या टेबलावरचं नवंकोरं वेळापत्रक आगपेटीएवढं करून ठेवलं आणि निघून आली.

ठरलेल्या रविवारला आठवडा उरला तेव्हा दादालाही तिने रोज फोन केला. दादा मालिका बघत होता. आवडीने बघत होता. घरातल्यांना जमवून बघत होता. ते वाक्य आपल्याला उद्देशून आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. ती फोनवर कडाडली की तो म्हणे, थांब थांब, स्पीकर लावतो, नातीला ऐकू दे. तिकडून खिदळण्याचा आवाज येई. एकदा तिने रागाच्या भरात फोन बंद केला, तर त्याने परत लावून विचारलं, हे पुढच्या भागात आहे का?

आईला तिने सगळं लिहून सांगितलं होतं. आईने वाचलं आणि कागद परत दिला. तुम्ही दोघं काय ते ठरवा, म्हणाली. आपल्यावरून पोरांत भांडण नको, एवढंच तिला कळत होतं. मग ती खिडकीकडे तोंड करून बसली, आणि त्या दिवशी शिंपी गेला तेव्हा तिने हात वर केला नाही. ठिणगीने ते पाहिलं आणि रात्रभर तिचा जीव तळमळत राहिला.

रविवार उजाडला. टेम्पो आला तो नेमका खिडकीसमोर लागला. त्यातून टेम्पोवाला उतरला, त्याचा जोडीदार उतरला, मागून दादाची गाडी आली, त्यातून दादा, वहिनी आणि त्यांची पाच वर्षांची नात. दादाच्या हातात बिस्किटांचा पुडा होता, आईला न चालणारा. नात आत आली ती थेट पणजीच्या टीव्हीसमोर. आईचा टीव्ही लागलेलाच असे, आवाज पूर्ण बंद करून. तिला आवाजाचा काय उपयोग? रविवारी सकाळी 'पोलादी बिऱ्हाड'चे जुने भाग लागत आणि आई ते नेमाने बघे.

ठिणगी आईच्या खुर्चीसमोर उभी राहिली. टेम्पोवाल्याने पलंगाला हात घालताच ती बरसली. पलंगाला हात लावायचा नाही, खुर्चीला हात लावायचा नाही, माझ्या आईला कुणी काही विचारलेलं नाही. टेम्पोवाला थबकला. त्याने जोडीदाराकडे पाहिलं. मग दोघांच्याही चेहऱ्यावर तेच हसू पसरलं, जे ठिणगी कित्येक दिवस सगळीकडे बघत आली होती.

"आयला, दणकी," जोडीदार म्हणाला. "ताई, माझ्या पोरीसाठी एकदा म्हणाल का? कपाटाचं?"

दादा अभिमानाने म्हणाला की ही माझी बहीण, आणि खिशातून फोन काढून तिच्यावर धरला. म्हणाला, थांब, पहिल्यापासून म्हण, हात पण तसेच कर.

"दादा, मी खरंच बोलतेय."

"तेच तर," दादा हसत म्हणाला. "दणकीसुद्धा हेच म्हणते."

नात टाळ्या पिटत होती. टेम्पोवाला भिंतीला टेकून हसत होता. वहिनी तोंडावर हात धरून हसत होत्या, पण नजर जमिनीकडे. ठिणगीने तोंड उघडलं आणि मिटलं. जे म्हणायचं ते सगळं आधीच वापरून झालेलं होतं. शिव्या उरल्या होत्या, पण दणकीने शिव्या दिल्या तर त्याही कुणी टाळ्या वाजवून घेतल्या असत्या. तिने मनगटाने चष्मा वर सारला. पलंगावरची चादर ओढली आणि घडी घालायला लागली. निम्मी. मग त्याच्या निम्मी.

"बस! बसची घडी!" नात किंचाळली आणि हसून लोळली. सगळेच हसले. टेम्पोवाल्याचा जोडीदार हसत हसतच आईच्या मागे गेला आणि त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, उचलायच्या बेताने.

आईने मान वळवली. तिने खुर्चीवरचा हात पाहिला. मग हसणारी तोंडं एकामागून एक पाहिली. मग मुलीचे हात पाहिले.

"का हसताय?" तिने विचारलं. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, मोठ्याने.

दादा तिच्या कानाशी वाकला आणि ओरडून म्हणाला की काही नाही आई, टीव्हीवरची गंमत आहे.

"कसली गंमत?" आई म्हणाली. "मी दर रविवारी बघते ती. ती थोराड बाई बिचारी रडायच्या बेताला आलेली असते. घड्या घालते ते कशाला? रडू दिसू नये म्हणून. ही लहानपणापासून तेच करते. तिला कुणी काय केलंय, तेवढं मला कळत नाही."

नातीचं हसू आधी थांबलं. तिने टीव्हीकडे पाहिलं, आणि तिच्या मागोमाग सगळ्यांनी. पडद्यावर दणकी होती. तुतारी नव्हती, मोटारींचे भोंगे नव्हते, काही नव्हतं. एवढं अवजड यंत्र टेकडीपलीकडे उभं होतं. त्याचा जबडा हलत होता, समोर बाकीचे तिघे पोट धरून हसत होते, आणि ते यंत्र मनगटाने चष्मा वर सारत होतं. मग जबडा मिटला. त्याने बस उचलली. निम्मी केली. त्याच्या निम्मी केली. बोटं थरथरत होती. चित्रकाराने तेही टिपलं होतं. आवाजाच्या गोंधळात ते कुणाला दिसलं नव्हतं, एवढंच.

वहिनींनी हात तोंडावरून खाली घेतला. टेम्पोवाला भिंतीपासून सरळ झाला. दादाचा फोन अजून ठिणगीवर धरलेला होता, पण बघत तो टीव्हीकडे होता. एकदा तिकडे, एकदा बहिणीकडे. दोन्हीकडे तेच हात होते.

"एवढं ओरडून ती विचारते काय?" आईने विचारलं.

आईने दादाच्या बाहीला धरून ओढलं. तुला ऐकू येतं ना, म्हणाली, मग सांग.

दादाने फोन खिशात घातला. तो पुन्हा आईच्या कानाशी वाकला. ओरडायचं ते त्याला नीट ओरडता येईना. "ती म्हणते..." तो म्हणाला. "ती म्हणते, मला विचारलं का."

"मग विचारा की," आई म्हणाली.

जिन्यात चोरून ऐकणाऱ्या मास्तरांचा श्वास आत ऐकू आला. दादा गुडघ्यावर बसला. एवढा मोठा माणूस, पण लहानपणी पेला लपवताना सापडला होता तेव्हाचा चेहरा घेऊन बसला. आणि त्याने विचारलं, एकेक शब्द मोठ्याने, सुटा करून, की आई, तुला माझ्याकडे यायचंय का?

आईने मागे पाहिलं आणि टेम्पोवाल्याच्या जोडीदाराला म्हणाली, "आधी माझ्या खुर्चीवरचा हात काढ."

त्याने चटका बसल्यासारखा काढला.

मग तिने दादाच्या गालावर हात ठेवला. तुझं घर बघायला येईन, म्हणाली. जेवायला येईन. नातीच्या शाळेला सुट्टी लागली की चार दिवस राहीनही. पण आकाशाला पाय नाहीत रे, तिथे मी कुणाला ओळखू? तिने बिस्किटांचा पुडा नातीच्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड वळवलं, म्हणजे विषय संपला.

दादा उठला. तो बहिणीसमोर आला, काहीतरी बोलायला. ठिणगीच्या हातात चादरीची वीट झाली होती. "मला वाटलं, तू..." त्याने सुरुवात केली. ती म्हणाली की आज मला काही ऐकायचं नाही. तो म्हणाला, बरं. तिने त्याला चहाही विचारला नाही. तिचा राग तसूभरही उतरला नव्हता, आणि का उतरावा? आईला खुर्ची मिळाली होती, तिचे शब्द मात्र अजून गावभर हुंदडत होते. उद्या सकाळी पुन्हा काचेच्या खोलीत जायचं होतं. अंबाड्याशी हिशेब बाकी होता, आणि या खेपेला ती त्याला तो भाग आवाज बंद करून दाखवणार होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दाराला आतून कडी घालून. वहिनी जाताना तिच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. गल्ली सांगते की दोघींमध्ये असं आजवर कधी झालं नव्हतं. गल्लीला कसं कळलं, ते मास्तरांना विचारा.

दादाची गाडी गेली. रिकामा टेम्पो मात्र तिथेच होता, खिडकी पूर्ण झाकून. आई वाट बघत बसली होती, समोर फक्त टेम्पोची निळी ताडपत्री. टेम्पोवाला दारात परत आला. आता त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्याने टोपी काढली होती आणि ती दोन्ही हातांनी चुरगाळत होता.

"ताई," तो अदबीने म्हणाला, "खिडकी अडलीय. टेम्पो पुढे घेऊ का?"

"त्यात विचारायचं काय?" ठिणगी कडाडली. "घ्या की पुढे!"

तो धावत सुटला. एकदाही मागे वळून न हसता. टेम्पो फुरफुरला, ताडपत्री सरकली, आणि रस्ता दिसला. शिंपी निघाला होता, डावा गुडघा जरा ओढत. आईने हात वर केला.